अळणी

बरकाला सहा आठवडे, जूनच्या मध्यापासून.
ओळखपत्रावर नाव छापलंय 'नीलाक्शी घारट',
त्याखाली प्रशिक्षणार्थी, त्याखाली तात्पुरती.
हेल्मेट एक नंबर मोठं, बूट दोन.
मोज्यांवर मोजे चढवून मी
समुद्र गोड करायच्या कारखान्यात शिरते.

पहिल्या दिवशी हिलाल इंजिनियरनी विचारलं,
समुद्र पाहिलायस का याआधी?
पाहिलाय, म्हटलं.
एवढंच म्हटलं.
सांगितलं नाही, की उरणकडे आमच्या आगरात
भरतीचं पाणी कोंडून, उन्हात आटवून
बाप फळीनं समुद्र ओढायचा काठाला,
ढीग करायचा, वर पेंढा घालायचा.
त्याच्या टाचांच्या भेगा
आगर गेल्यानंतरच मिटल्या.

इथं सगळं उलटं.
पंप असा कानठळ्या बसवत
पाण्याला ढकलतो पडद्यातून,
मीठ अलीकडे अडतं,
आणि पलीकडे जे येतं ते इतकं अळणी
की त्याला चुनखडीची चव लावून
मग पाठवतात शहराकडे.

माझ्याकडे छप्पन्न नळ्या.
एकेकीची बारकी तोटी सोडायची,
बाटलीत घोटभर पाणी, त्यात मीटरची दांडी,
आकडा स्थिरावला की वहीत.
छप्पन्न झाल्या की पुन्हा एक.
तीन आठवडे मी फक्त आकडे लिहिले
आणि रात्री मामाच्या खोलीत
एसीच्या घरघरीत तेच आकडे ऐकले.

चौथ्या मंगळवारी, भर दुपारी,
बाहेरची कामं कायद्यानं थांबलेली,
माणसं पाइपांच्या सावलीत पुठ्ठे टाकून आडवी,
अकराव्या नळीपाशी मीटरचा सेल संपला.
स्टोअर बंद. किल्लीवाला जेवायला.
मी बाराव्वीची तोटी सोडली
आणि बोट लावलं जिभेला.
का, ते मला खरंच सांगता येणार नाही.
बाप असंच करायचा, मीठ धरायच्या आदल्या दिवशी,
करंगळी बुडवून,
मग आभाळाकडे बघून मान हलवायचा.

तेरा, चौदा, काहीच नाही. पंधरा, सोळा, नाही.
सतरा: जिभेच्या कडेला
एक ओळखीचं माणूस.

मोतालेबला उठवलं. नोआखालीचा, फिटर,
डोळे चोळत आला, चाखलं, थुंकला.
'नून,' म्हणाला.
दोघं थोडा वेळ उभेच, चोर पकडल्यासारखे
की चोरी करताना पकडल्यासारखे.

हिलाल आधी ओरडले. पाण्यात रसायनं असतात,
हा कारखाना आहे, स्वयंपाकघर नाही.
माझ्या नावानं सुरक्षेची लेखी ताकीद, स्पेलिंग तेच.
मग संध्याकाळी सतरावी उघडली.
आत एक काळी रबरी कडी, बांगडीएवढी,
मधोमध चिरलेली.
त्यांनी ती खिशात टाकली, काही बोलले नाहीत.
दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर
कोऱ्या सेलचा डबा होता, आणि खजूर.

अहवालात एक रकाना आहे, 'वापरलेले उपकरण'.
मी तो दोनदा भरला, दोनदा खोडला.
मोतालेब म्हणाला, मीटर लिही, वेडे,
कॉलेजात जिभेला मार्क नसतात.
मीटर लिहिलं.

शुक्रवारी बापाला फोन लावला.
आगरावर आता कंटेनर उभे असतात
आणि तो तिथल्याच फाटकावर रात्रपाळीला.
मी पडदा समजावला, दाब समजावला,
सतरावी नळी सांगितली, ताकीद गाळून.
तो हुं हुं करत राहिला.
मग म्हणाला, 'मंग तवरा मीठ टाकतान कुठं?'
परत समुद्रात, बाबा.
मोठा पाइप आहे, लांबवर नेऊन सोडतो.

पलीकडे ट्रक मागे घेतल्याची पिपाणी वाजत होती.
ती थांबेपर्यंत तो गप्प.

'सगला?' त्यानं विचारलं.
'फुकाट?'